सुटं बोलणारी मुलगी

माझ्या नोकरीचं नाव मला घरच्यांना कधी नीट सांगता आलं नाही. कार्डावर 'व्हॉइस अँड अ‍ॅक्सेंट ट्रेनर' असं छापलेलं होतं. सांगलीहून सासूबाईंचा फोन आला की त्या विचारायच्या, "म्हणजे गाणं शिकवतेस का गं?" मी म्हणायचे, "नाही हो, इंग्रजी बोलायला शिकवते." मग त्या म्हणायच्या, "पण ती मुलं कॉलेजात शिकलेलीच ना?" मग मी विषय बदलायचे.

कॉल सेंटरं नुकती सुरू झाली होती तेव्हाची ही गोष्ट. गुडगावात काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांच्यापर्यंत जाणारे रस्ते अजून व्हायचे होते. आमच्या इमारतीच्या मागे मोहरीचं शेत होतं. आम्हीही तेव्हाच सरकारी क्वार्टर सोडून द्वारकेतल्या एका सोसायटीत राहायला आलो होतो. सोसायटीत लिफ्ट होती, पाणी मात्र टँकरने यायचं. मी दक्षिण दिल्लीतल्या एका शाळेत बारा वर्षं लहान मुलांना शिकवलं होतं. पेपरात जाहिरात बघितली, अर्ज केला, मुलाखतीला बोलावणं आलं.

माझी चूक त्या अर्जापासून सुरू होते, म्हणून तिथूनच सांगते. अर्जात शालेय शिक्षणाचा रकाना होता. माझं शिक्षण नगरपालिकेच्या मराठी शाळेतलं. ए बी सी डी मी पाचवीत शिकले. पुढचं सगळं रेडिओवरच्या इंग्रजी बातम्या ऐकून, आरशासमोर उभं राहून मिळवलेलं. त्या रकान्यात मी 'कॉन्व्हेंट' लिहिलं. कुणी कागद मागितले नाहीत. मला घेतलं. पण मराठी म्हटलं की कुणीतरी शाळा विचारेल, या भीतीने त्या दिवसापासून त्या इमारतीत मी मराठी राहिले नाही. तिथे सगळे पहिल्या नावाने हाक मारायचे आणि आमचं आडनाव उत्तरेतही सापडतं, त्यामुळे लपवायला कष्ट पडले नाहीत. कुणी विचारलंच तर, वडिलांची बदलीची नोकरी होती, असं काहीतरी गुळमुळीत सांगून मोकळी व्हायचे. वडील सांगलीत एकाच पेढीवर चाळीस वर्षं कारकून होते.

शिकवायच्या आधी आम्हा ट्रेनरांना शिकवायला एक परदेशी बाई आल्या होत्या. त्यांनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं आणि शब्दांच्या खालून, एका शब्दाच्या शेवटापासून दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत, कमानी काढल्या. म्हणाल्या, शब्द कागदावर सुटे असतात, तोंडात नसतात. 'अ‍ॅन अ‍ॅपल' कुणी म्हणत नाही, 'अ‍ॅनॅपल' म्हणतात. 'नेक्स्ट डे' मधला ट गळून जातो, 'नेक्सडे' होतो. 'डिड यू'चं 'डिजू' होतं. 'गो आउट'च्या मधे कुठूनतरी एक व येऊन बसतो. इतकी वर्षं इंग्रजी शिकवून हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी घरी येताना बसमध्ये पुटपुटत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून मी मुलाला ओरडले, "अरे, काय करतोयस? बस येईल!" आणि हातातलं लाटणं तसंच राहिलं. काय करतोयस! 'काय करतो आहेस' असं मी जन्मात म्हटलं नव्हतं. 'कुठे आहेस' नाही, 'कुठायस'. 'जाऊ दे' नाही, 'जौदे'. म्हणजे आपणही घरी कुठं सुटं बोलतो? जी युक्ती शिकायला मी गुडगावला जात होते ती माझ्या तोंडात पहिल्यापासून होती. वहीच्या मागच्या पानावर मी ही उदाहरणं लिहून ठेवली. मुलाला दाखवली तर तो म्हणाला, "आई, यार, बस सुटेल." वर्गात ती वही कधी उघडली नाही. वर्गात फक्त इंग्रजी, असा नियम होता. आणि नियम नसता तरी मी उघडली नसती.

ती मुलगी माझ्या तिसऱ्या बॅचमध्ये आली. बावीस वर्षांची असेल. इस्त्री केलेला सलवार-कमीज, घट्ट वेणी, पहिल्या रांगेत बसायची. वडील फौजेत सुभेदार, सिग्नलमध्ये, म्हणजे वायरलेसच्या तुकडीत. राहायला दिल्ली कँटोन्मेंट, मूळ गाव साताऱ्याकडचं. ओळख करून देताना हे तिने इंग्रजीत सांगितलं, आणि प्रत्येक शब्द वेगवेगळा ठेवत सांगितलं. माय. फादर. इज. इन. सिग्नल्स. उच्चार स्वच्छ होते, व्याकरण बॅचमधल्या सगळ्यांपेक्षा बरं होतं. फक्त शब्द एकमेकांना शिवत नव्हते.

त्याच दिवशी माझ्या हातून फळ्याचा मार्कर पडला आणि मी म्हणाले, "अगं बाई!" तिचा चेहरा उजळला. चहाच्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही आपल्याकडच्या ना?"

शेजारी दुसरी ट्रेनर उभी होती. मी भुवया वर करून म्हणाले, "सॉरी?"

ती गोंधळली. परत म्हणाली, "नाही, तुम्ही मघाशी..."

"इंग्लिश, प्लीज," मी म्हणाले आणि हसले. ट्रेनरचं हसू असतं तसं.

तिला वाटलं मी नियम पाळतेय. त्यात तिला काही वावगं वाटलं नसावं, उलट तिने घरी कौतुकाने सांगितलं, हे मला पुढे कळलं.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही सगळ्यांचे आवाज कॅसेटवर घ्यायचो. चूक कशी असते ते दाखवायला मी एक कॅसेट वर्गात लावायची ठरवली, आणि तिची लावली. 'वुड यू लाइक टू होल्ड, ऑर शुड आय कॉल यू बॅक' हे वाक्य होतं. शब्द एकेक करून, मधे सारखं अंतर ठेवून बाहेर आले. मागून कुणीतरी म्हणालं, "लिफ्ट!" सगळा वर्ग हसला. आमच्या इमारतीतली लिफ्ट तशीच बोलायची. मीही हसले. हसू आवरता आलं असतं, आवरलं नाही. त्या दिवसापासून मुलं तिला लिफ्ट म्हणू लागली. "लिफ्ट आ गई", "लिफ्ट से पूछो". मी एकदाही कुणाला थांबवलं नाही.

वर्ग सुटल्यावर ती थांबली. इंग्रजीतच म्हणाली की वडिलांनी तिला लहानपणी इंग्रजी वाचायला शिकवलं होतं. वायरलेसवर शब्द सुटाच बोलायचा असतो, नाहीतर पलीकडच्याला अर्धाच पोचतो आणि माणसं मरतात, असं ते सांगायचे. रोज संध्याकाळी तिच्याकडून उतारा तसाच म्हणवून घ्यायचे. "मॅडम, आय जॉइन, देन वर्ड इज लॉस्ट," ती म्हणाली. "हाऊ टू जॉइन?"

मला एकच वाक्य सांगायचं होतं. अगं, घरी आईला कशी विचारतेस, काय करते आहेस की काय करतेयस? तसंच. एवढं सांगितलं असतं तर पोरीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला असता. मला पडला होता. वाक्य अगदी ओठांवर होतं. मी म्हणाले, "लिसन मोअर. यू मस्ट लिसन मोअर."

ती ऐकू लागली. मिळेल ते ऐकायची. बसमध्ये वॉकमन लावून यायची, वहीत शब्दांखाली पेन्सिलीने कमानी काढायची. पाचव्या आठवड्यात तिच्या बोलण्यात कुठं कुठं जोड दिसायला लागले. 'वुड यू'चं 'वुज्यू' व्हायला लागलं. मग घाबरली की पुढचं वाक्य परत सुटं.

संक्रांतीचा दिवस होता. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी आणि आमची मॅनेजर बाहेरून परत येत होतो. फाटकाशी एक गृहस्थ उभे होते. साधे कपडे, पण उभं राहणं फौजी. शेजारी ती. हातात स्टीलचा डबा. मी जवळ येताच त्यांनी नमस्कार केला आणि मोकळेपणाने मराठीत म्हणाले, "पोरगी म्हणाली, मॅडम आपल्याकडच्याच आहेत. म्हटलं, सणाचं भेटून यावं. हिच्या आईनं तिळाच्या वड्या दिल्यात तुमच्यासाठी."

मॅनेजर माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर नुसतं कुतूहल होतं, दुसरं काही नव्हतं. मला मात्र तो अर्जाचा रकाना दिसला.

मी इंग्रजीत म्हणाले, "आय अ‍ॅम सॉरी, आय डोन्ट फॉलो."

 त्यांना वाटलं असेल ऐकू गेलं नाही. डबा पुढे करत म्हणाले, "घ्या. झाकण सैल आहे, सांभाळून."

आणि माझा हात आपोआप झाकणावर गेला.

त्यांनी तो हात पाहिला. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. मुलीनेही पाहिलं. मला वाटतं, ते चिडून काही बोलले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी पाय जुळवले, आवाज खाली आणला आणि हिंदीत म्हणाले, "माफ़ कीजिए मैडम, ग़लतफ़हमी हो गई." मॅनेजरला नमस्कार केला, मला केला, आणि बसस्टॉपच्या दिशेने चालू लागले. मुलगी माझ्या मागून आत आली. डबा मी टेबलावर ठेवून दिला. संध्याकाळी कुणीतरी उघडला आणि सगळ्यांनी वड्या खाल्ल्या. मी खाल्ली नाही. रिकामा डबा दुसऱ्या दिवशी तिच्या बाकावर ठेवला. तिने तो पिशवीत घातला, माझ्याकडे न बघता.

त्यानंतर वर्गात ती प्रश्न विचारीनाशी झाली. विचारलेल्याला उत्तर द्यायची, तेवढंच.

शेवटची परीक्षा तोंडी असायची. एका खोलीत उमेदवार फोनवर बोलायचा, दुसऱ्या खोलीत मी आणि ज्यांच्यासाठी माणसं घ्यायची त्यांचा एक अधिकारी हेडफोन लावून ऐकायचो. तिचं बोलणं चांगलं झालं. खूप चांगलं नाही, पण निम्म्याहून जास्त वाक्यं जोडून आली. एकदा ती अडखळली आणि स्वतःच सावरली. अधिकाऱ्याने हेडफोन काढला आणि म्हणाला, "बॉर्डरलाइन आहे. तुम्ही सहा आठवडे ऐकताय, तुम्हीच ठरवा."

त्याच सकाळी मी तिच्याहून कच्च्या एका मुलाला पास केलं होतं. कामावर तयार होईल, असं म्हणून. ती तर नक्कीच तयार झाली असती. पण पास झाली की ती याच इमारतीत राहणार होती. रोज जिन्यात, कँटीनमध्ये, लिफ्टमध्ये भेटणार होती. ती दिसली की मला फाटक दिसणार होतं. एवढंच कारण होतं. दुसरं कारण मी इतक्या वर्षांत पुष्कळ शोधलं, सापडलं नाही. मी कागदावर 'नॉट रेडी' लिहिलं.

निकाल सांगायचं कामही माझंच. तिने विचारलं, "मॅडम, विच वर्ड्स?" कोणते शब्द चुकले, हे तिला जाणून घ्यायचं होतं. मी म्हणाले, "ओव्हरऑल." तिने ओळखपत्र गळ्यातून काढलं, दोरी त्याच्याभोवती नीट गुंडाळली, टेबलावर ठेवलं, आणि गेली.

मी मात्र तिथेच वाढले. सीनियर झाले, मग मुख्य झाले. माझ्या हाताखालून शेकडो मुलं गेली. कधीतरी, तीनेक वर्षांनी, मला ते ओझं सहन होईना. एका दुपारी मी त्याच मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले आणि सांगून टाकलं, की मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली नाही, मराठी शाळेत शिकले, अर्जात खोटं लिहिलं. मला वाटलं होतं आता राजीनामा मागतील. ती म्हणाली, "अच्छा? हाऊ नाइस," आणि पुढच्या बॅचचं वेळापत्रक माझ्यापुढे सरकवलं. मी केबिनच्या बाहेर येऊन बाथरूममध्ये दार लावून उभी राहिले. ज्या भीतीपायी मी हे सगळं केलं होतं, ती भीती कुणाच्याच लेखी काही नव्हती.

त्या आठवड्यात मी कँटोन्मेंटमध्ये गेले. फाटकावरच्या जवानाने विचारून सांगितलं की तिच्या वडिलांचं युनिट केव्हाच हललं. कुठे, ते सांगता येत नाही.

नोकरी सोडल्यावर मी करोल बागेत, एका ओळखीच्यांच्या खोलीत, रविवारी शिकवायला लागले. स्पर्धा परीक्षेसाठी महाराष्ट्रातून आलेली मुलंमुली तिकडे आसपास राहतात. बीड, परभणी, धुळे, कुठून कुठून आलेली. लेखी परीक्षा पार करतात आणि इंग्रजी मुलाखतीच्या नावाने गार पडतात. पहिल्याच तासाला मी फळ्यावर मराठीत 'काय करतो आहेस' लिहिते आणि विचारते, असं कोण बोलतं? मुलं हसतात. मग 'काय करतोयस' लिहून खाली कमान काढते. एका तासात त्यांच्या जिभेला समजतं. मला याचा आनंद व्हायला हवा. होतोही. पण दर वेळी तो तास संपला की मला वाटतं, एवढंच होतं. एका तासाचं काम होतं.

त्यातला एक विद्यार्थी साताऱ्याकडचा होता. तिच्या गावाचं नाव मला अर्जावरून पाठ होतं. फौजींचं गाव, सगळे सगळ्यांना ओळखतात. तरी त्याला विचारायला मी चार महिने लावले. त्याने दोन दिवसांत नंबर आणून दिला. ती लग्न होऊन साताऱ्यातच असते, म्हणाला.

एका दुपारी नवरा दुसऱ्या खोलीत टीव्ही बघत होता तेव्हा मी फोन लावला. नाव सांगितलं.  मग ती म्हणाली, "आवाज ओळखला मी. पण मराठीत पहिल्यांदाच ऐकतेय."

मी म्हणाले, "मला तुझी माफी मागायची आहे." आणि सगळं सांगितलं. कॅसेट, संक्रांत, अर्जातलं खोटं. शेवटी परीक्षेचंही सांगितलं. "तू पास होणार होतीस. मी तुला मुद्दाम नापास केलं. माझ्या सोयीसाठी."

"पास होणार होते?" तिने विचारलं.

"हो."

"म्हणजे माझं बोलणं ठीक होतं?"

"ठीक होतं. चांगलं होतं."

ती म्हणाली, "मॅडम, मी त्यानंतर इंग्रजी बोलायचंच सोडलं. वाचते, लिहिते. एका ऑफिसात हिशेबाचं काम करते, सगळं इंग्रजीत असतं. पण कुणी इंग्रजीत बोलायला लागलं की मी उठून जाते. पोराच्या शाळेत मीटिंगला नवरा जातो. मला वाटायचं, माझ्या जिभेतच काहीतरी कमी आहे."

मला रडू आलं, पण तिला ते ऐकू जाऊ नये म्हणून मी तोंडावर पदर धरला. रडायचा हक्क माझा नव्हता. जरा वेळाने म्हणाले, "मी शिकवू का तुला? फोनवर. रोज अर्धा तास. अजून काही..."

"नको," ती लगेच म्हणाली. मग जरा मऊ आवाजात, "नको मॅडम. आता नको."

मी तिच्या वडिलांबद्दल विचारलं. बरे आहेत, शेती बघतात, म्हणाली. मी म्हणाले, "त्यांच्याशी बोलता आलं असतं तर..."

"त्यांनी घरी येऊन आईला सांगितलं होतं की मॅडम भेटल्या, डबा दिला, फार चांगल्या आहेत बाई. आई अजून तेच समजते. आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही. आता तुम्ही फोन केला तर त्यांना कळेल की तेव्हा फाटकाशी मलाही सगळं कळलं होतं. राहू दे ते तसंच."

मी बरं म्हणाले. आणखी काय म्हणणार?

"सांगितलंत ते बरं केलंत," ती म्हणाली. "पण परत फोन करू नका."

फोन ठेवल्यावर मी तिथेच बसून राहिले. नवरा चहा झाला का बघायला आला. माझ्याकडे बघून म्हणाला, "कोणाचा फोन होता गं?"

"एका जुन्या विद्यार्थिनीचा. मीच केला होता."

"काय म्हणाली?"

"परत करू नका म्हणाली."

 त्याने आत जाऊन टीव्ही बंद केला, चहा ठेवला आणि माझ्या शेजारी येऊन बसला. त्यालाही मी सगळं सांगितलं नाही. अर्जातलं खोटं त्याला माहीत होतं, आम्ही दोघं त्यावर हसलोही होतो एकेकाळी. बाकीचं आज पहिल्यांदा लिहितेय. नंबर माझ्या फोनमध्ये अजून आहे. तिने सांगितलं तसं वागते आहे.